अनुदानांची वर्गवारी एकसारखी करायची तर यादीपासून सुरुवात करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा-सात फाउंडेशन्स एकत्र आली आहेत. प्रत्येकाची अनुदानांची वर्गवारी वेगळी. ‘आपण सगळ्यांनी मिळून शिक्षणावर किती दिले’ एवढं साधं काढायला बसलं तरी आकडे जुळत नाहीत. मग सर्वांनी मिळून एक नवी यादी करावी, जगात तयार असलेली एखादी उचलावी, की संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांचे सतरा क्रमांक लावून मोकळं व्हावं? आणि जुन्या नोंदींचं काय करायचं?

मी अनुदानांच्या नोंदी आणि कोडिंगच्या (म्हणजे प्रत्येक अनुदानाला त्याच्या वर्गाचा कोड लावण्याच्या) कामात बरीच वर्षं काढली आहेत, आधी एका फाउंडेशनच्या आत आणि नंतर अशाच गटांना मदत करताना. पहिल्या गटाबरोबर मी जी चूक केली तीच तुम्ही करायला निघाला आहात असं प्रश्नावरून वाटतं. आम्ही यादीपासून सुरुवात केली होती. आठ महिने बैठका झाल्या. ‘युवक’ हा विषय आहे की वयोगट यावर दोन पूर्ण दुपारी गेल्या. शेवटी सगळ्यांच्या सहमतीने यादी मंजूर झाली, सगळ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसली, आणि पहिल्या वर्षाचा एकत्रित अहवाल काढला तर आकडे पूर्वीइतकेच विसंगत. कारण शब्द सारखे झाले होते, पण त्या शब्दांनी प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.

एक अनुदान घ्या: ‘ग्रामीण माध्यमिक शाळांमध्ये मुलींसाठी स्वच्छतागृहे बांधणे आणि शिक्षकांना देखभालीचे प्रशिक्षण देणे.’ हे मी प्रत्येक नव्या गटाला पहिल्याच दिवशी देतो आणि एकच वर्ग निवडा म्हणतो. कोणी ‘शिक्षण’ लिहितं, कोणी ‘पाणी व स्वच्छता’, कोणी ‘स्त्रिया व मुली’, कोणी ‘ग्रामविकास’, आणि लेखा विभागातून आलेली व्यक्ती हमखास ‘बांधकाम’ लिहिते. चुकलेलं कोणीच नसतं. एकाने काम कुठे चाललंय ते सांगितलं, दुसऱ्याने काय चाललंय ते, तिसऱ्याने कोणासाठी, आणि लेखावाल्याने पैसे कशावर खर्च होणार ते. एकाच रकान्यात चार प्रश्नांची उत्तरं कोंबली की बेरीज जुळणार कशी?

म्हणून माझं उत्तर: यादी एक करण्याआधी प्रश्न वेगळे करा. विषय कोणता, लाभार्थी कोण, काम कुठे, मदतीचा प्रकार कोणता (प्रकल्प, इमारत, शिष्यवृत्ती, संशोधन, संस्थेचा सर्वसाधारण खर्च), आणि पैसे घेणारी संस्था कोणत्या प्रकारची. पाच प्रश्न, पाच स्वतंत्र रकाने. ही माझी कल्पना नाही. अमेरिकेतल्या कॅन्डिडची (ना-नफा संस्था आणि अनुदानांची माहिती गोळा करणारी, फाउंडेशन सेंटर आणि गाइडस्टार २०१९ मध्ये एकत्र येऊन झालेली संस्था) वर्गीकरणपद्धती नेमकी अशीच बाजूंमध्ये विभागलेली आहे. विषय आणि लोकसमूह एकमेकांत मिसळलेले नसल्यामुळे ‘मुलींच्या शिक्षणावर किती’ आणि ‘मुलींवर एकूण किती’ हे दोन्ही प्रश्न त्याच नोंदींना विचारता येतात. आणि पाच रकाने केले की प्रत्येकातली यादी आपोआप आखूड होते. एकाच रकान्यात सगळं बसवायचं म्हटलं तर ‘मुलींचे आरोग्य’, ‘मुलांचे आरोग्य’, ‘वृद्धांचे आरोग्य’ अशा जोड्या जमवत यादी दोनशेवर जाते. एक ना धड भाराभर चिंध्या.

विषयाचा रकाना मात्र जपून हाताळायचा, कारण खरं घोडं तिथेच अडतं. तयार याद्या शोधायला गेलात की एनटीईई (करमुक्त ना-नफा संस्थांची वर्गवारी) भेटेल. ती अमेरिकेत १९८० च्या दशकात तयार झाली, तिचे ए ते झेड असे सव्वीस मुख्य गट आहेत. आयसीएनपीओ (ना-नफा संस्थांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) भेटेल, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या तुलनात्मक अभ्यासातून आलेली, बारा गटांची. दोन्ही उत्तम, पण दोन्ही संस्थांचं वर्गीकरण करायला बनवलेल्या आहेत, अनुदानांचं नव्हे. हा फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण गोम इथेच आहे. एका विद्यापीठाला मलेरियाच्या संशोधनासाठी पैसे दिले. संस्थेच्या वर्गाने बघाल तर हे ‘शिक्षण’, हेतूने बघाल तर ‘आरोग्य’. तुमच्यातलं एक फाउंडेशन संस्थेवरून कोड देत असेल आणि दुसरं हेतूवरून, तर दोघांची यादी शब्दशः तीच असूनही शिक्षणाचे आकडे कधीच जुळणार नाहीत. (गंमत म्हणजे आयसीएनपीओमध्ये अनुदान देणाऱ्या फाउंडेशन्सचाही स्वतंत्र गट आहे. तुम्ही एका फाउंडेशनमार्फत पाण्याच्या कामाला पैसे दिलेत आणि संस्थेवरून कोड दिलात, तर तुमचे पैसे पाण्याला न जाता ‘दातृत्व’ या गटात जाऊन बसतील.)

हा पेच ओईसीडीच्या (मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या) विकास मदत समितीने फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. त्यांचे पाच अंकी हेतू-कोड असतात. पहिले तीन अंक क्षेत्र सांगतात. नियम असा की पैसे ज्या क्षेत्राची स्थिती सुधारावी म्हणून दिले त्या क्षेत्राचा कोड, साधन काय वापरलं त्याचा नाही. म्हणून शेतीचं प्रशिक्षण शेतीत जातं, त्याला ३११८१ हा स्वतःचा कोड आहे. शिक्षणात जात नाही. आमच्या स्वच्छतागृहाच्या उदाहरणाला मात्र तिथेही दोन दारं उघडी आहेत: शिक्षण गटातला ‘शैक्षणिक सुविधा व प्रशिक्षण’ म्हणजे १११२०, आणि मूलभूत स्वच्छतेचा १४०३२. म्हणजे चांगली यादी घेऊनही नियम तुम्हालाच लिहावा लागतो. आम्ही लिहिलेला नियम असा होता: ‘शाळेच्या आवारातली पायाभूत सुविधा ही शिक्षण, जोपर्यंत मंजुरीच्या टिपणात यशाचं माप आरोग्याचं किंवा स्वच्छतेचं दिलेलं नाही.’ हा नियम बरोबर आहे असा माझा दावा नाही. उलटा नियमही चालला असता. सगळ्यांनी तोच पाळला, एवढ्यावर काम भागलं.

तयार यादी उचला की नवी बनवा, यावर माझं स्पष्ट मत: उचला. नवी यादी बनवणं आनंदाचं काम असतं, पण ती सांभाळायला माणूस लागतो, आणि तीन वर्षांनी तो माणूस तुमच्याकडे नसतो. परदेशी विकासकामाला पैसे जात असतील तर ओईसीडीचे कोड, कला, संस्कृती, प्राणी, धर्म असा विस्तार असेल तर कॅन्डिडची विषयसूची. त्यातले तुम्हाला लागणारे चाळीस-पन्नास कोड घ्या, बाकीचे झाकून ठेवा. कोडचा क्रमांक मात्र मूळचाच ठेवा, स्वतःचे क्रमांक पाडू नका.

शाश्वत विकास उद्दिष्टांबद्दल. सतरा उद्दिष्टं, त्याखाली १६९ लक्ष्यं, २०१५ पासून सगळ्यांच्या तोंडी. संकेतस्थळावर रंगीत चौकोन लावायला छान, आणि विश्वस्तांना ओळखीची. पण ती जगाने कुठे पोहोचायचं याची यादी आहे. अनुदानं ठेवायचे खण नव्हेत. ती एकमेकांवर मुद्दाम पडलेली आहेत, म्हणून जवळजवळ कुठलंही अनुदान पहिल्या (गरिबी) आणि दहाव्या (विषमता) उद्दिष्टात बसवता येतं. उलट नाटक, संगीत, संग्रहालयं यांना स्वतःचं उद्दिष्टच नाही; वारसा जतन अकराव्या उद्दिष्टाच्या एका लक्ष्यात सापडतं. कलेला पैसे देणारं एक फाउंडेशन गटात असलं की त्याचा अर्धा वाटा ‘चांगले शिक्षण’ खाली जातो, कारण नाइलाज. उद्दिष्टांचे क्रमांक हवे असतील तर कोणता कोड कोणत्या उद्दिष्टात जातो असा तक्ता करून त्यावरून काढा, हाताने लावू नका.

आता एक गोष्ट जी ऐकून तुमच्या गटातले विषयतज्ज्ञ नाराज होतील. ब्रिटनमध्ये ३६० गिव्हिंग हा अनुदानांच्या नोंदींचा मानक आहे, आणि अशा प्रयत्नांमध्ये तो सर्वाधिक टिकलेल्यांपैकी एक. त्यात सक्तीचे रकाने दहा: नोंदीचा ओळखक्रमांक, शीर्षक, वर्णन, चलन, मंजूर रक्कम, मंजुरीची तारीख, घेणाऱ्या संस्थेचं नाव आणि ओळखक्रमांक, देणाऱ्या संस्थेचं नाव आणि ओळखक्रमांक. विषय त्यात नाही! विषय ऐच्छिक आहे, आणि कोणत्या यादीतला कोड वापरला हे सोबत सांगायची सोय आहे. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ज्यावर भांडण होणार ते बाजूला ठेवून, ज्यावर होणार नाही ते आधी पक्कं केलं. संस्थेचा नोंदणी क्रमांक सारख्या पद्धतीने लिहिला असला की तीच संस्था तुमच्यातल्या चौघांकडून पैसे घेते आहे हे एका मिनिटात कळतं. तो नसला तर एकाच संस्थेचं नाव चार प्रकारे लिहिलेलं सापडतं आणि ती चार संस्था म्हणून मोजली जाते. पहिले सहा महिने एवढंच केलंत तरी गटाचा वेळ वाया गेला नाही.

रकमेबद्दलही आधीच ठरवा. तीन वर्षांचं अनुदान मंजुरीच्या वर्षात पूर्ण धरायचं की दरवर्षी जेवढं दिलं तेवढं? दोन्ही चालतं, मिसळलं की संपलं. दुसरं, पुढे वाटायला दिलेला पैसा. एका फाउंडेशनने दुसऱ्याला दिले आणि त्याने दहा संस्थांना वाटले, आणि दोघंही तुमच्या गटात आहेत. तर बेरजेत तो पैसा दोनदा येतो. यासाठी ‘पुनर्वाटपासाठी आहे का’ असा हो-नाही रकाना पुरतो, पण तो पहिल्या दिवसापासून हवा. मागे जाऊन शोधायला जीव नकोसा होतो.

एका अनुदानाला किती विषय द्यायचे? दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक विषयाला टक्केवारी द्यायची आणि एकूण शंभर व्हायलाच हवी; आंतरराष्ट्रीय मदतीच्या पारदर्शकतेचा आयएटीआय मानक असंच सांगतो. दुसरीत लागतील तेवढे विषय लावायचे आणि प्रत्येकात पूर्ण रक्कम मोजायची, मग विषयांची बेरीज एकूण रकमेपेक्षा जास्त येते आणि अहवालाखाली टीप द्यावी लागते. टक्केवारी शास्त्रशुद्ध दिसते, पण ती टक्केवारी कुठून येते हे मी जवळून पाहिलं आहे: कार्यक्रम अधिकारी क्षणभर वर बघतात आणि ‘साठ-चाळीस’ म्हणतात. मी एक मुख्य विषय सक्तीचा आणि दोनपर्यंत दुय्यम ऐच्छिक ठेवतो. पैशांची बेरीज फक्त मुख्य विषयावर. दुय्यम विषय शोधण्यासाठी, मोजण्यासाठी नाहीत.

लाभार्थींच्या रकान्यात उलटी अडचण येते. तिथे सगळ्यांनाच सगळं लावावंसं वाटतं. दवाखान्याला पैसे दिले, तिथे बायकाही येतात, मग ‘स्त्रिया’ लावा; वृद्धही येतात, तेही लावा. ओईसीडीची स्त्री-पुरुष समानतेची खूण इथे कामाला येते: शून्य, एक, दोन. दोन म्हणजे हा हेतू नसता तर हे काम हाती घेतलंच नसतं. एक म्हणजे हेतू आहे, महत्त्वाचा आहे, पण मुख्य कारण तो नाही. शून्य म्हणजे तपासलं आणि नाही. आणि रिकामा रकाना म्हणजे तपासलंच नाही. शून्य आणि रिकामा यांतला फरक पुसू देऊ नका; बहुतेक एक्सेल शीटमध्ये दोन्ही सारखेच दिसतात आणि पुढच्या माणसाने रिकाम्या जागा शून्याने भरून टाकल्या की ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ एक होतात.

आता नियमांची वही. खरा मानक हीच. यादी दोन पानांची असते, वही चाळीस पानांची होते, आणि ती बैठकीत लिहिता येत नाही. ती अशी लिहायची: सगळ्यांच्या मागच्या दोन वर्षांच्या नोंदींतून शंभरेक अनुदानं काढा, त्यात सोपी आणि नकोशी दोन्ही असू द्या. तीन-चार जणांनी एकमेकांशी न बोलता कोड द्यायचे. मग फक्त जिथे फरक पडला तेवढीच अनुदानं घेऊन बसा आणि प्रत्येकावर एका ओळीचा नियम लिहा, उदाहरणासकट. पुन्हा नवी शंभर. दुसऱ्या फेरीत भांडणं निम्म्याने कमी होतात, तिसरीत जी उरतात ती बहुधा यादीचीच खोट असते: दोन वर्ग खरं तर एकच आहेत, किंवा एकात दोन दडले आहेत. तेव्हा यादीला हात लावा, त्याआधी नको.

किती जुळलं हे नुसत्या टक्क्यांनी मोजू नका. समजा तुमची सत्तर टक्के अनुदानं शिक्षणाचीच आहेत. दोन जणांनी नोंद न वाचता, केवळ त्या प्रमाणात कोड टाकत नेले तरी साधारण निम्म्या वेळा त्यांचं जुळेल. हा योगायोगाचा भाग वजा करणारं माप जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलं, त्याला ‘कप्पा’ (ग्रीक अक्षर, खण नव्हे) म्हणतात. एक म्हणजे पूर्ण जुळणी, शून्य म्हणजे योगायोगाइतकीच. विषयनिहाय काढा. ‘आरोग्य’ बहुतेक ठिकाणी छान जुळतं. ‘क्षमताबांधणी’ आणि ‘समाजविकास’ हे दोन वर्ग मी आजवर कुठेही नीट जुळलेले पाहिले नाहीत, आणि माझ्या हातात असतं तर ते विषयाच्या यादीतून काढलेच असते.

कोड कोणी द्यायचे? अर्जदाराने स्वतः दिले तर तो तुम्हाला आवडेल तोच विषय निवडतो, त्याचा दोष नाही. कार्यक्रम अधिकाऱ्याला आशय माहीत असतो, पण मंजुरीच्या दिवशी त्याला फॉर्म संपवायचा असतो. एका ठिकाणी एका वर्षी ‘प्राणी कल्याण’ अचानक तिसऱ्या क्रमांकावर आलं. विश्वस्त चकित, संपर्क विभाग त्यावर लेख लिहायच्या बेतात. शोधलं तर ड्रॉपडाउनमधला पहिला पर्याय तो होता आणि रकाना आपोआप त्यावरच उघडत होता. तेव्हापासून मी पहिला पर्याय ‘निवडा’ असा ठेवतो आणि तो तसाच राहिला तर नोंद जतन होऊ देत नाही. अधिकाऱ्याने कोड द्यावा, आणि महिन्यातून एकदा एकाच व्यक्तीने सगळ्या नव्या नोंदींवरून नजर फिरवावी. ‘इतर’ हा वर्ग असू द्या, पण त्याचा वाटा दर तिमाहीला बघा. वाढू लागला तर एक तर नवं काम सुरू झालंय, नाही तर कोणीतरी पाट्या टाकतंय.

हल्ली प्रत्येक गटात कोणीतरी म्हणतंच की मशीनला कोड देऊ द्या. देऊ द्या, माझी हरकत नाही. मोठ्या संग्रहांना आज तोच उपाय आहे. पण मशीन वर्णन वाचून कोड देतं. तुमच्या नोंदींमध्ये वर्णनाच्या जागी ‘प्रकल्प सहाय्य, दुसरा हप्ता’ लिहिलेलं असेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? काय, कोणासाठी, कुठे, कशाने, हे दोन वाक्यांत सांगणारं वर्णन सक्तीचं करा. माणसाच्या कोडिंगलाही त्याचा तेवढाच उपयोग होतो.

सर्वसाधारण खर्चासाठी, कोणतीही अट न घालता दिलेली अनुदानं हा स्वतंत्र पेच आहे आणि ती वाढत चालली आहेत. इथे हेतू देणाऱ्याचा नसतोच, तेव्हा संस्थेच्या मुख्य कामाचा विषय लावा आणि मदतीच्या प्रकारात ‘सर्वसाधारण’ लिहा. हा एकच अपवाद जिथे संस्थेवरून कोड द्यायला माझी ना नाही.

गटात एक फाउंडेशन बाकीच्यांपेक्षा फार मोठं असेल तर त्याच्या नोंदी दोघांकडून तपासून घ्या. ओईसीडीने २०१८ मध्ये खासगी दातृत्वावर जो अहवाल काढला त्यात २०१३ ते २०१५ या काळात फाउंडेशन्सनी विकासकामांसाठी दिलेले २३.९ अब्ज डॉलर मोजले होते, आणि त्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या गेट्स फाउंडेशनचा होता. अशा ठिकाणी एका कार्यालयाची कोड देण्याची सवय म्हणजेच सगळ्या क्षेत्राचं चित्र. म्हणून अहवालात रकमेशेजारी अनुदानांची संख्याही छापा.

एक सावधगिरी. लाभार्थी आणि ठिकाण हे रकाने बारीक भरले की काही गटांना ते धोक्याचं ठरतं: मानवी हक्कांचं काम, छळातून सुटलेल्या स्त्रियांची निवारागृहं, लैंगिक अल्पसंख्याक. आत पूर्ण कोड ठेवा, बाहेर देताना वरच्या, ढोबळ पातळीचाच कोड द्या, आणि कोणत्या नोंदी तशा करायच्या हे मंजुरीच्या वेळीच ठरवा. व्यक्तींना दिलेल्या अनुदानांची नावं तर बाहेर देऊच नका.

राहिल्या जुन्या नोंदी. सगळ्या पुन्हा कोड करायचा मोह होईल; करू नका. मागची तीन वर्षं हाताने करा, त्याआधीच्या नोंदी जुन्या वर्गासमोर नवा वर्ग दाखवणाऱ्या तक्त्याने. जुना वर्ग नव्या एकाच वर्गात पूर्ण जात असेल तर तक्ता बरोबर काम करतो. जुन्या ‘महिला व बालविकास’चे नव्यात पाच तुकडे होत असतील तर तक्ता तिथे थांबवा आणि ‘विभागता आले नाही’ असा कोड द्या. अंदाजाने वाटणी केलीत की दोन वर्षांनी तो अंदाज आकडा म्हणून छापला जातो. प्रत्येक फाउंडेशनने आपली मूळ वर्गवारी आत चालू ठेवायला हरकत नाही, त्यांचे विश्वस्त तीच ओळखतात. जुना कोड शेजारच्या रकान्यात तसाच राहू द्या, यादीच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक नोंदीवर टाका, आणि रद्द केलेला कोड पुन्हा दुसऱ्या अर्थाने वापरू नका. पहिल्या शंभर अनुदानांची फेरी झाली की जिथे अडलात ती उदाहरणं पाठवा, नियम काय लिहावा ते बघू.